२०११ चे टोर्नेडो: इशारा वेळेत मिळाला, तरी ५५३ माणसं कशी गेली?

मेघदर्शी

गेले दोन महिने वेळ मिळाला की जुन्या वादळांचे अहवाल वाचतोय. सुरुवात केली होती यादी करायची म्हणून, कुठल्या वर्षी कुठे मोठे टोर्नेडो झाले याची. १९२५, १९७४, १९९९ असं करत २०११ ला पोचलो आणि तिथेच रुतलो. यादी राहिली बाजूला.

आकडे आधी सांगून टाकतो. त्या वर्षी अमेरिकेत जवळपास १७०० टोर्नेडो नोंदले गेले, त्यातले साडेसातशेच्या वर एकट्या एप्रिलमध्ये. ५५३ माणसं गेली. १९५० पासून पद्धतशीर नोंदी आहेत, त्यात इतकं जीवघेणं वर्ष दुसरं नाही. पण हे मृत्यू वर्षभर विखुरलेले नाहीत. सुमारे ३१६ माणसं गेली २७ एप्रिलला आणि १५८ गेली २२ मेला, जॉप्लिन या एका गावात, एकाच टोर्नेडोत. म्हणजे दर सात मृत्यूंतले सहा दोन दिवसांतले.

मी धरून चाललो होतो की हवामान खातं झोपलं असणार. वाचलं तर चित्र उलटं. २७ एप्रिलच्या धोक्याबद्दल ओक्लाहोमातलं वादळ अंदाज केंद्र काही दिवस आधीपासून बोलत होतं. त्या दिवशी त्यांनी धोक्याची सर्वांत वरची पायरी जाहीर केली, जी वर्षात क्वचितच वापरतात. टोर्नेडो टेकण्याआधी सरासरी वीस मिनिटांहून जास्त वेळ हातात होता. अलाबामा राज्यातल्या टस्कालूसा शहराकडे येणारा टोर्नेडो तर टीव्हीवर थेट दिसत होता. त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या वाहिनीवर जेम्स स्पॅन हे हवामानतज्ज्ञ तासन्‌तास बोलत होते आणि मागे पडद्यावर कॅमेऱ्यात तो काळा खांब.

२५ ते २८ एप्रिल या चार दिवसांत ३६० च्या आसपास टोर्नेडो झाले. १९७४ चा महाउद्रेक १४८ चा होता, तोवर तोच विक्रम. त्यात एकट्या २७ तारखेला चार ईएफ-५, म्हणजे टोर्नेडोची ताकद ठरवणाऱ्या मोजपट्टीच्या शेवटच्या पायरीचे: मिसिसिपीत फिलाडेल्फिया आणि स्मिथव्हिल, अलाबामात हॅकलबर्ग–फिल कॅम्बेल आणि रेन्सव्हिल. फिलाडेल्फियाजवळ जमीन दोन फूट खोल खरवडून निघाली होती. हॅकलबर्गचा टोर्नेडो २१० किलोमीटरच्या वर जमिनीला चिकटून धावला आणि त्याने ७२ बळी घेतले. ही सुधारित फुजिता मोजपट्टी २००७ पासून वापरात आहे. तेव्हापासून आजवर ईएफ-५ ठरलेत जेमतेम दहा, त्यातले सहा या एका वर्षातले.

मग इशारे असून माणसं का गेली? माझं मत सांगतो, भांडा हवं तर. इशारा म्हणजे नुसती बातमी. ती बातमी माणसापर्यंत पोचणं, त्याला पटणं, आणि पटल्यावर त्याला जायला जागा असणं, या तिन्ही कड्या शाबूत असतील तरच तिचा उपयोग. २०११ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी कडी तुटली.

पहिली कडी बघा. २७ तारखेच्या पहाटे वादळांची एक रांग अलाबामातून गेली. दुपारच्या मानाने ती किरकोळ, पण तिच्यातही टोर्नेडो होतेच. तिने ठिकठिकाणी वीज घालवली आणि हवामान रेडिओचे काही प्रक्षेपक बंद पाडले. दुपारी खरा राक्षस आला तेव्हा कित्येक घरांत टीव्ही बंद, इंटरनेट बंद. कॉर्डोव्हा नावाचं छोटं गाव आहे, त्याला पहाटे ईएफ-३ ने झोडपलं आणि त्याच संध्याकाळी ईएफ-४ ने.

जॉप्लिनबद्दल प्रतिसादात लिहितो, बोटं दुखायला लागली.

सोनचाफा

छान धागा. भाबडा प्रश्न: टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळच ना? पेपरात दोन्हीला तोच शब्द असतो.

जुनाट जाणकार

नाही हो ताई, पेपरवाल्यांनी सगळा घोळ करून ठेवलाय. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं, दिवसेंदिवस टिकतं. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो, रुंदी काही मीटरपासून फार तर दोन-चार किलोमीटर, आयुष्य बहुधा मिनिटांचं. आणि वावटळ तिसरीच. ती तापलेल्या जमिनीवरून वर उठते, तिला ढग लागत नाही. जुन्या पुस्तकांत टोर्नेडोला 'घूर्णवाती वादळ' म्हटलेलं आढळतं. शब्द चांगला आहे, पण 'पळा, घूर्णवाती वादळ आलं' असं ओरडून होईस्तोवर छप्पर गेलेलं असेल.

हंट्सविलकर

मी तेव्हा हंट्सविलमध्ये (उत्तर अलाबामा) होतो, म्हणून लिहितो. फार शौर्याचं काही नाही.

त्या दिवशी सायरन इतक्या वेळा वाजला की दुपारनंतर आम्ही मोजणं सोडलं. ऑफिसात दर वेळी सगळे जिन्याखाली जायचो, पंधरा-वीस मिनिटांनी वर यायचो, कॉफी ओतून घेईपर्यंत पुन्हा भोंगा. चौथ्या की पाचव्या वेळी माझ्यासकट निम्मे लोक जागेवरून उठलेच नाहीत. हे मी आज लाजून लिहितोय, पण तेव्हा अजिबात लाज वाटली नव्हती. मेघदर्शी, तुमची 'पटणं' ही कडी अशी तुटते. तिथे कोणी मूर्ख नव्हतं. दर वेळी काहीच न घडण्याची सवय झाली होती.

हॅकलबर्गहून निघालेला तोच टोर्नेडो आमच्या वायव्येला टॅनर-हार्वेस्टकडून गेला. आमच्या डोक्यावर काही आलं नाही, वीज मात्र गेली ती गेलीच. उच्च दाबाच्या वाहिन्यांचे मनोरे आडवे झाले होते. जवळच्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचा बाहेरून येणारा वीजपुरवठा तुटला, तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि त्या थंड ठेवायला डिझेल जनित्रं चालू करावी लागली. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेला जेमतेम दीड महिना झाला होता, त्यामुळे 'डिझेल जनित्र' हा शब्द ऐकून आमच्यातल्या दोन अणुवाल्या मित्रांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. पण जनित्रं चालली, काही झालं नाही.

पुढचे चार-पाच दिवस जवळजवळ सगळं शहर अंधारात. रात्रीची संचारबंदी. पेट्रोल पंप असून उपयोग नाही, कारण पंपाला वीज लागते. कार्ड चालत नाही, रोख कोणाकडे नाही. मी गाडीत बसून रेडिओ ऐकायचो, तेवढाच बाहेरच्या जगाशी संबंध. टस्कालूसात नेमकं काय झालं हे भारतातल्या माझ्या आईला माझ्याआधी कळलं होतं.

तिरकस

सगळं ठीक. पण 'लोकांना पटलं नाही' असं म्हणणं म्हणजे मेलेल्यांवरच खापर फोडणं झालं. जॉप्लिनचं लिहा की. तिथे सायरनचा घोळ प्रशासनाचा होता असं वाचल्याचं आठवतं.

मेघदर्शी

@तिरकस, खापर फोडत नाहीये. हंट्सविलकरांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

जॉप्लिन हे मिसूरी राज्यातलं पन्नास हजार वस्तीचं गाव. २२ मे, रविवार. शाळेचा पदवीदान समारंभ नुकताच आटोपून लोक घरी निघालेले. संध्याकाळी ५:११ ला सायरन वाजले. तेव्हाचा इशारा मुख्यतः गावाच्या उत्तरेकडच्या वादळासाठी होता. तीन मिनिटं वाजून थांबले. ५:१७ ला दुसरा इशारा निघाला, हा खास जॉप्लिनसाठी. टोर्नेडो टेकला ५:३४ ला, म्हणजे १७ मिनिटं मिळाली. कागदावर उत्तम. पण सायरन दुसऱ्यांदा वाजले ५:३८ ला, तेव्हा टोर्नेडो गावाच्या वेशीवर होता.

आता घरात बसलेल्या माणसाच्या जागी जा. भोंगा वाजला, थांबला. थांबला म्हणजे संकट टळलं की काय? खिडकीतून बघावं तर नुसता पाऊस, कारण हा टोर्नेडो पावसाच्या पडद्याआड होता. नरसाळं दिसलंच नाही. नंतर हवामान खात्याच्या पथकाने वाचलेल्यांशी बोलून अहवाल लिहिला. त्यातला मुख्य निष्कर्ष असा की पहिल्या इशाऱ्यावर बहुतेकांनी हालचाल केली नाही. त्यांनी दुसरा पुरावा शोधला: टीव्ही लावला, शेजाऱ्याला फोन केला, दारात येऊन आकाश पाहिलं. मला यात काही विचित्र वाटत नाही. आपण धुराचा वास आला की आधी गॅसजवळ जाऊन बघतो, थेट घर सोडून पळत नाही. आणि त्या काळी अमेरिकेत टोर्नेडोच्या दर चार इशाऱ्यांपैकी तीन फुकट जायचे. माणूस हिशेब बरोबरच करत होता, त्या दिवशी तो चुकला.

आता तिसरी कडी, जायला जागा. हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं. बरोबर एक महिना आधी, २२ एप्रिलला, त्याच मिसूरीत सेंट लुईसच्या उपनगरांतून ईएफ-४ गेला. विमानतळाच्या काचा फुटल्या, शेकडो घरं मोडली. मृत्यू: शून्य. तिथे घराघराला तळघर आहे. जॉप्लिनमध्ये बहुतांश घरांना तळघर नव्हतं आणि गावात सार्वजनिक निवारा एकही नव्हता. जॉप्लिनचा टोर्नेडो जास्त ताकदीचा होता, रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास, हे मान्य. तरी शून्य आणि १५८ मधला सगळा फरक वाऱ्याचा नाही.

स्थापत्यवेडा

शेवटच्या मुद्द्याला +१. थोडं बांधकामाचं सांगतो.

ईएफ आकडा हा वाऱ्याचा मोजलेला वेग नाही. टोर्नेडो गेल्यावर अभियंते फिरतात, घर, शाळा, झाड, खांब अशा २८ प्रकारच्या वस्तूंचं नुकसान बघतात आणि त्यावरून वेगाचा अंदाज बांधतात. ताशी ३२२ किलोमीटरच्या वर अंदाज गेला तर ईएफ-५. म्हणजे घर कच्चं असेल तर ते ईएफ-३ च्या वाऱ्यातही भुईसपाट होईल आणि त्यावरून ईएफ-५ म्हणता येणार नाही. म्हणून पथक आधी पाया बघतं: बोल्ट होते का, बोल्टला वॉशर-नट होते का, की भिंत नुसती खिळ्यांवर उभी होती.

अमेरिकन लाकडी घराची गोम अशी की वजन खाली न्यायला ते उत्तम, पण वारा त्याला वर उचलतो. छप्पर भिंतीला, भिंत पायाला अशी पट्ट्यांनी बांधलेली सलग साखळी नसेल तर छप्पर आधी जातं, आणि छप्पर गेलं की भिंती पत्त्यांसारख्या. छप्पर आणि भिंतीच्या जोडात खिळ्याऐवजी दोन डॉलरची पट्टी लागत असेल, पण ती दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला गिऱ्हाईक नसतं. मोठ्या दुकानांचं वेगळंच: काँक्रीटच्या उंच भिंती नुसत्या उभ्या करून छपराने एकमेकींना टेकवलेल्या. जॉप्लिनमध्ये छप्पर उडालं आणि अशा भिंती कोसळल्या. त्याच गावात एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात वीसेक माणसं शीतगृहाच्या खोलीत दाटीवाटीने शिरली आणि सगळी वाचली. त्याची चित्रफीत आहे. दिसत काहीच नाही, पूर्ण काळोख, नुसते आवाज. एकदा ऐकली, परत ऐकणार नाही.

२४ मेला ओक्लाहोमात एल रीनोजवळ त्या वर्षीचा सहावा ईएफ-५ झाला. तिथल्या स्वयंचलित हवामान केंद्राने २४३ किलोमीटरचा झोत प्रत्यक्ष नोंदवला. जवळच्या तेलविहीर खोदण्याच्या यंत्रणेचा मनोरा, वजन ८०० टनांच्या वर, आडवा होऊन लोळला. तेल कामगार जमिनीला जखडलेल्या खोलीत बसून वाचले. जागा असली की माणूस ईएफ-५ मधूनही बाहेर येतो, इतकंच.

डॉ. अनामिका

अवांतर, पण नोंदवते. जॉप्लिनमध्ये वाचलेल्यांपैकी १३ जणांना जखमेत म्युकरमायकोसिस झाला, ५ दगावले. हो, कोविडकाळात आपल्या कानावर पडलेली तीच काळी बुरशी, फक्त नाकातून शिरलेली नव्हे तर कातडीतून. वाऱ्याने लाकडाचे कपचे, माती, खडी सुरीसारखी अंगात घुसवली, सोबत बुरशीही आत गेली. जखम वरून शिवून टाकली की आत पसरत जाते. म्हणून अशा जखमा उघड्या ठेवून पुन्हा पुन्हा साफ कराव्या लागतात. आणि हे सगळं अशा गावात, जिथलं मोठं रुग्णालयच टोर्नेडोच्या वाटेत आलं होतं. खिडक्या आत फेकल्या गेल्या, मुख्य वीज गेली, जनित्र गेलं, कृत्रिम श्वासावरचे पाच रुग्ण तिथेच गेले. पुढे ती इमारत पाडली, नवं रुग्णालय दुसऱ्या जागी बांधलं, खिडक्यांच्या काचा आणि भूमिगत वीजव्यवस्था यांचा विचार करून.

सोनचाफा

बाप रे. हे सगळं अमेरिकेतच का होतं?

जुनाट जाणकार

भूगोल. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची दमट गरम हवा, पश्चिमेकडून रॉकी पर्वत ओलांडून येणारी कोरडी हवा, वर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचीवरून वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा. दोघींना अडवायला मध्ये आडवा डोंगर नाही. उंचीगणिक वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत गेले की ढग स्वतःभोवती फिरू लागतो.

पण 'फक्त' अमेरिकेत नाही. त्याच २०११ मध्ये ३ मेला न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या अल्बनी उपनगरात टोर्नेडो घुसला, एक जण गेला. ३१ जुलैला रशियाच्या ब्लागोव्हेश्चेन्स्क शहरातून एक टोर्नेडो गेला, पार चीनच्या सीमेवर. २१ ऑगस्टला कॅनडातल्या गॉडरिचला ह्युरॉन सरोवरावरून आलेल्या टोर्नेडोने गावाचा जुना अष्टकोनी चौक मोडून टाकला. मिठाच्या खाणीवरचा एक कामगार मेला. त्याला एफ-३ म्हणतात, ईएफ-३ नाही, कारण कॅनडाने नवी मोजपट्टी २०१३ मध्ये घेतली. आणि अमेरिकेतही नेहमीच्या पट्ट्याबाहेर: १ जूनला मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड परिसरात, तीन मृत्यू.

जगातला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो मात्र आपल्या शेजारचा. २६ एप्रिल १९८९, बांगलादेश, दौलतपूर–साटुरिया. सुमारे १३०० माणसं. हा आकडा समोर ठेवला की मेघदर्शींच्या 'जायला जागा' या कडीचं वजन कळतं. तिथे पहिली कडीही नव्हती.

तिरकस

हवामानबदल अजून कसा आला नाही धाग्यावर?

मेघदर्शी

आणला तुम्ही. २०११ ला 'ला निना' होता, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं, त्याने जेट प्रवाहाची जागा अनुकूल केली, एवढं बऱ्यापैकी धरता येतं. एका वर्षाच्या उद्रेकावर 'तापमानवाढ' असा शिक्का मारण्याइतका पुरावा नाही. ऊब आणि दमटपणा वाढेल, पण टोर्नेडोला वाऱ्याचा पीळही लागतो. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको, नाहीतर दोनशे प्रतिसाद होतील आणि जॉप्लिन कुठल्या कुठे जाईल.

तुमच्या आधीच्या मुद्द्याकडे येतो. प्रशासनाने काय केलं? २०१२ मध्ये मिसूरी आणि कॅन्सासमधल्या कार्यालयांनी इशाऱ्याची भाषा बदलून पाहिली. नुसतं 'टोर्नेडोचा इशारा' न म्हणता, टोर्नेडोने काय होऊ शकतं ते सरळ शब्दांत लिहायचं: घरं नष्ट होतील, फिरती घरं उरणार नाहीत. नंतर तीच पद्धत देशभर गेली. त्याच सुमारास रडारही सुधारले, आता हवेत उडालेला मलबाच रडारवर ओळखता येतो. म्हणजे 'टोर्नेडो संभवतो' ऐवजी 'टोर्नेडो आहे, आत्ता घरं तोडतोय' असं सांगता येतं. माणूस जो दुसरा पुरावा शोधत होता तो इशाऱ्यातच घालून द्यायचा. जॉप्लिनच्या शाळांमध्ये मजबूत निवारे बांधले गेले ते वेगळंच.

कानडा_विठ्ठल

वाचनखूण साठवली. फिल कॅम्बेल हे गावाचं नाव आहे? मला वाटलं कोणी माणूस.

हंट्सविलकर

गावच आहे, रेल्वेवाल्या एका माणसाच्या नावावरून पडलेलं. त्यातली गंमत अशी की फिल कॅम्बेल नाव असलेल्या जगभरच्या लोकांनी २०११ च्या जूनमध्ये त्या गावात मेळावा भरवायचं आधीच ठरवलं होतं. एप्रिलमध्ये गाव उद्ध्वस्त झालं. मेळावा रद्द नाही केला. हे सगळे फिल आले आणि मलबा उचलायला लागले.

आणि याच गावातला एक फोटो. वादळानंतर लोकांच्या अंगणात परक्यांचे फोटो, चेक, रजया पडायला लागल्या. एका बाईंनी फेसबुकवर पान काढलं, सापडलेलं इथे टाका म्हणून. पुढे जॉर्जिया विद्यापीठाच्या जॉन नॉक्स यांच्या गटाने त्या पानावरून शेकडो वस्तूंचा माग काढून शोधनिबंध लिहिला. फिल कॅम्बेलमधून उडालेला एक फोटो टेनेसीत लेनोआर सिटीला सापडला होता, साडेतीनशे किलोमीटरवर.

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पण एक कागद पडला होता, कुणाचं तरी औषधाचं बिल, कडा फाटलेल्या. वीज नव्हती, फेसबुक नव्हतं. चार दिवस गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. मग कुठे गेला ते आठवत नाही.